नऊ सेकंदांची दाढी

आमच्या दुकानात दोन खुर्च्या आहेत. दाराजवळची माझी आणि आतली बाबांची. माझ्या खुर्चीवर घाईतली माणसं बसतात. ऑफिस गाठायचं असतं, पोराला शाळेत सोडायचं असतं, "बाजूने उडवा, वरचे राहू द्या" एवढं बोलून लगेच फोनमध्ये डोकं घालायचं असतं. बाबांच्या खुर्चीवर फक्त दाढी व्हायची, तीही वस्तऱ्याने, आणि ज्याच्याकडे पाऊण तास मोकळा आहे त्याचीच. "घाई असेल तर ठमाबाईकडे जा," असं ते तोंडावर सांगायचे. ठमाबाई म्हणजे मी. वय वर्षं छत्तीस. बाईने दुकानात उभं राहून पुरुषांचे केस कापावेत याचं सुरुवातीला लोकांना फार आश्चर्य वाटायचं. मग त्यांचे केस वाढले आणि आश्चर्य संपलं.

बाबांनी मला काम शिकवलं तेव्हा पहिला नियम सांगितला होता, स्वतःच्या हाताकडे बघायचं नाही. "हाताकडे बघशील तर हात चुकेल. गालाकडे बघ. केस कुठल्या दिशेने उगवलेत ते बघ. हात आपोआप येतो मागून." समोर एवढा मोठा आरसा असून बाबांनी त्यात स्वतःला कधी पाहिलं नसेल. स्वतःची दाढीसुद्धा ते आरशाशिवाय करायचे, अंगणातल्या नळापाशी उभं राहून, डाव्या हाताने चाचपत. हे सगळं सांगतेय त्याला कारण आहे.

दोन वर्षांपूर्वी त्यांचा उजवा हात हलायला लागला. फेस लावताना काही नाही, टॉवेल पिळताना काही नाही. पण वस्तरा उचलून हवेत धरला की मनगटापासून बोटांपर्यंत असा थरथरायचा की नवख्या माणसाने खुर्चीवरून उडीच मारावी. मग ते डाव्या हाताचा अंगठा गिऱ्हाइकाच्या कानशिलावर टेकवायचे, कातडी वर ताणायचे आणि पातं गालाला लावायचे. ते लागलं की हात थांबायचा. साफ थांबायचा. पुढची वीस मिनिटं तो हात पंचवीस वर्षांच्या माणसाचा असायचा. दोन वर्षांत एकाही माणसाला ओरखडा आला नाही.

माझ्याकडे केस कापायला एक डॉक्टर येतात, त्यांना मी हळूच विचारलं. ते म्हणाले, असं होतं, मोकळा हात हलतो आणि कामाला लागला की शांत होतो, पण हे पुढे वाढतं, तेव्हा वडिलांना घेऊन या. आणते म्हटलं आणि आणलं नाही. त्यांना कोणत्या तोंडाने सांगायचं? आईनेही तेच केलं. ती त्यांना चहा अर्धाच कप द्यायला लागली. "हल्ली हात आखडता घेतेस तू," बाबा म्हणायचे, आणि आई म्हणायची, "दूध महाग झालंय." मी त्यांच्या सदऱ्यांची बटणं काढून टिचबटणं लावली आणि वर फॅशन आहे म्हणून ठोकून दिलं. "हात जरा जड झालाय," एवढंच ते कधीतरी म्हणायचे. आम्ही दोघी लगेच म्हणायचो, थंडी आहे. भर उन्हाळ्यातसुद्धा.

बाबांची आता मोजकीच गिऱ्हाइकं उरली होती. त्यांतले सगळ्यात जुने मास्तर. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना वीस वर्षं झाली होती, पण एक दिवसाआड सकाळी दहाला ते दुकानात हजर, तेही असे की त्यांच्यावरून घड्याळ लावावं. खुर्चीवर मान मागे टाकायचे, डोळे मिटायचे आणि बाबांनी वस्तरा उचलला की म्हणायचे, "चालू दे उस्ताद, मृत्युपत्र केलंय मी." हा विनोद ते पंचवीस वर्षं करत होते, म्हणजे हात हलायच्याही कितीतरी आधीपासून. त्यामुळे बाबांना त्यात काही वावगं वाटलं नाही. ते दर वेळी नव्याने हसायचे.

तर आता माझं कर्तृत्व.

रस्त्यापलीकडे एक चकाचक सलोन उघडलं. काचेचा दरवाजा, गार हवा, भिंतीवर दिव्यांची अक्षरं. आमच्याकडची तरुण पोरं एक-एक करून तिकडे सरकली. मी ठरवलं, आपणही मागे राहायचं नाही. दुकानाचं पेज काढलं. रोज एक रील टाकायची. कल्ले कसे काढते, मानेवरची रेघ कशी मारते. बारा लाइक यायचे, त्यांतले तीन मावश्यांचे आणि एक माझाच, दुसऱ्या खात्यावरून. रील वाढवायच्या कशा हे शिकवणारे व्हिडिओ मी जेवताना बघायला लागले. त्यांत एक गुरू सांगायचा की लोक तीन सेकंदांत पुढे सरकवतात, तेव्हा त्यांना अडकवा, ऐन वेळी तोडा, शेवट दुसऱ्या भागात द्या.

एका मंगळवारी मी पावडरच्या डब्याला फोन टेकवून मास्तरांची अख्खी दाढी चित्रित केली. पेजसाठी काहीतरी काढतेय एवढंच बाबांना सांगितलं. त्यांनी आधी स्वतःच्या केसांवरून कंगवा फिरवला. मास्तरांनी शर्टाची कॉलर नीट केली.

त्यातले मी नऊ सेकंद ठेवले. फेसाने माखलेला, डोळे मिटलेला म्हातारा चेहरा. हवेत थरथरणारा वस्तरा. तो गळ्याकडे येतोय, येतोय, आणि तिथेच तोडलं. मागे धडधडत्या काळजाचा आवाज लावला. वर लिहिलं, "हिंमत असेल तर बसा! भाग दोन उद्या." करताना मला हसू येत होतं. प्रेमाने केलं, हे खरं आहे. हसू येत होतं, हेही खरं आहे.

संध्याकाळपर्यंत चाळीस हजार लोकांनी पाहिलं. दुसऱ्या दिवशी सहा लाख. मी दर दहा मिनिटांनी फोन बघत होते, एका गिऱ्हाइकाचा कल्ला त्या नादात तिरका कापला. कबूल केल्याप्रमाणे भाग दोन टाकला. त्यात पातं गालाला लागतं, हात थांबतो, आणि फेसाचे पट्टे एकामागून एक असे निघतात की बघत राहावं. शेवटी मास्तर हनुवटीवरून हात फिरवतात आणि लहान मुलासारखे खूश होतात. आठवडा संपेपर्यंत पहिला भाग एकवीस लाखांवर गेला. दुसरा तीनशे बारावर थांबला. एकवीस लाख लोकांनी माझ्या बापाचा हात हलताना पाहिला आणि तीनशे बारा जणांनी तो थांबलेला पाहिला.

खाली लोक लिहीत होते. "आजोबा व्हायब्रेटवर आहेत." "दाढीसोबत मुंडकं फुकट." "म्हाताऱ्याला घरी बसवा, कुणाचा तरी जीव जाईल." मी त्यांतल्या कितीतरी जणांना हसरे चेहरे पाठवले. उत्तर दिलं की रील आणखी पुढे जाते, असं गुरूने सांगितलं होतं.

गुरुवारी तीन पोरं आली. कॉलेजातली, उंचनिंच, एकमेकांना कोपरं मारत. मी खुर्ची झटकली तर त्यांतला एक म्हणाला, "नाही, आतल्या खुर्चीवर."

बाबांचा चेहरा उजळला. "वस्तऱ्याची दाढी?"

"हो आजोबा."

"बस, बस. आधी टॉवेल देतो गरम. घाई नाही ना?"

त्या पोराला दाढी अशी नव्हतीच, हनुवटीवर चार केस होते. बाबांनी त्या चार केसांना दोनदा फेस लावला. पहिला फेस केसांसाठी, दुसरा कातडीसाठी, हे त्याला समजावून सांगितलं. दुसरा पोरगा फोन धरून उभा होता. बाबांनी वस्तरा उचलला, आणि पोरगं "मेलो! मेलो!" करून ओरडत खुर्चीवरून उठलं आणि फेसासकट, आमच्या टॉवेलासकट रस्त्यावर पळालं. मागून दोघं खिदळत.

बाबा वस्तरा धरून तसेच उभे. मग म्हणाले, "घाबरला बिचारा. पहिल्यांदाच बसला असेल."

शुक्रवारी आणखी चौघं आले. शनिवारी सकाळी उघडायच्या आधीच दोघं दाराशी उभे. बाबांनी आईला सांगून आपला पांढरा कोट धुऊन घेतला होता, लग्नाकार्याच्या गिऱ्हाइकांसाठी घालायचे तो. प्रत्येक पोराला ते म्हणायचे, "डोळे मिट बाळ, मग भीती वाटत नाही." प्रत्येक पोरगं पळून जायचं. आणि मी तिथेच सहा फुटांवर उभी राहून दुसऱ्या कुणाच्या तरी मानेवर मशीन फिरवत होते. मला सगळं माहीत होतं. मी एका शब्दाने बोलले नाही, कारण पेजवर चौदा हजार नवे लोक आले होते आणि मला वाटत होतं, यातले दहा जरी खरे गिऱ्हाईक झाले तरी बाबांची खुर्ची पुन्हा चालेल. असं मी स्वतःला सांगत होते. ते चौदा हजार बघून मला नुसता आनंदही होत होता.

त्या शनिवारी मास्तर यायचे होते. गुरुवारीही ते आले नव्हते, पण त्या दिवशी पोरांच्या गडबडीत बाबांनी ते मनावर घेतलं नाही. आज त्यांनी दहाच्या ठोक्याला पाणी गरम केलं. सव्वादहाला परत केलं. साडेदहाला आणखी एकदा. अकराच्या सुमाराला मास्तरांचा मुलगा आला. तो बँकेत आहे, शांत माणूस, मी त्याचा आवाज चढलेला कधी ऐकला नव्हता. तो आत आलाच नाही, उंबऱ्यावरूनच बोलला.

"माझ्या वडिलांचा गळा म्हणजे तुमच्या दुकानाची जाहिरात नाही."

"कसली जाहिरात?" बाबा म्हणाले. "बस तरी. मास्तर बरे आहेत ना?"

"मला ऑफिसात लोक दाखवतायत. तुझ्याच वडिलांना बसवलंय का, म्हणून विचारतायत. ते आता इथे येणार नाहीत. मी त्यांना सांगितलंय. तुम्हालाही सांगतो."

"पण झालंय काय?"

त्याला वाटलं बाबा वेड पांघरतायत. त्याने खिशातून फोन काढला आणि बाबांच्या पुढे धरला. मी मशीन बंद केली. मी धावून जायला हवं होतं, तो फोन हिसकावून घ्यायला हवा होता. मी बंद मशीन हातात धरून उभी राहिले.

बाबांनी चष्मा लावला. नऊ सेकंद संपले की ते आपोआप पुन्हा सुरू होतात. धडधड, धडधड, आणि तुटतं. धडधड, धडधड, आणि तुटतं. बाबांनी ते पाच-सहा वेळा पाहिलं. मास्तरांच्या मुलाचा राग तोवर उतरला होता, त्याच्या लक्षात आलं होतं की या माणसाला काहीच माहीत नाही. तो फोन मागे घ्यायला बघत होता आणि बाबा सोडत नव्हते.

"हे आपल्या दुकानातलं," बाबा म्हणाले.

"हो, काका."

"हा माझा हात?"

मास्तरांचा मुलगा जमिनीकडे बघायला लागला.

"एवढा हलतो?"

माझ्या खुर्चीवर केस कापायला बसलेला माणूससुद्धा अंगावरची चादर हाताने घट्ट धरून खाली बघत होता. बाबांनी फोन दोन्ही हातांनी परत दिला. "मास्तरांना नमस्कार सांग," म्हणाले. मग ब्रश धुतला, वस्तरा पुसून मिटला, कोट काढून खुंटीला लावला आणि दुपार व्हायच्या आधीच घरी निघून गेले.

मी ती रील त्याच मिनिटाला पुसली. त्याने काय होणार होतं? माझी पुसली गेली, लोकांनी उचललेली राहिली. कोणी तिच्यावर अँब्युलन्सचा भोंगा लावला होता, कोणी लग्नाची वाजंत्री. भाग दोन मी राहू दिला. घरी गेल्यावर जेवायच्या टेबलावर सगळं सांगितलं, माफी मागितली, रडले. बाबा म्हणाले, "बरं." त्या दिवसापासून ते डाव्या हाताने जेवायला लागले. उजवा टेबलाखाली ठेवायचे.

दुकानात यायचे. बाकावर बसून पेपर वाचायचे, पण पेपर हातात धरायचे नाहीत, मांडीवर पसरायचे. पोरं आली की मी झाडू घेऊन उठायची. दोघा-तिघांना मी अशा शिव्या घातल्या की तो व्हिडिओही कोणीतरी टाकला. "चिडकी काकू" म्हणून तो चार लाख लोकांनी पाहिला. मला त्याचं काही वाटलं नाही. आतली खुर्ची रिकामी होती एवढंच मला दिसत होतं. वाटायचं, एकदा, फक्त एकदा त्यांनी पातं कुणाच्या गालाला टेकवलं की हात थांबेल, आणि तो थांबलेला त्यांना कळला की सगळं पूर्ववत होईल.

मग मी मास्तरांच्या घरी गेले. मुलगा बँकेत होता. मास्तरांनी दार उघडलं आणि मी त्यांना ओळखलंच नाही. तीन आठवड्यांची पांढरी दाढी.

"मुलाने मशीन आणून दिलंय," ते म्हणाले. "गुरगुरतं. मी ते खोक्यातून काढलेलं नाही."

मी सगळं सांगायला लागले तर त्यांनी हातानेच थांबवलं. "पोरी, मला काय सांगतेस? हात हलतो हे मी दोन वर्षं बघतोय. डोळे मी आता त्यासाठीच मिटतो. मी बघत राहिलो तर त्याला वाटेल की मी घाबरलो." मग जरा थांबून म्हणाले, "उद्या दहाला येतो. मुलगा बाहेर पडला की निघतो. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी घरातून पळून जायची वेळ आली म्हणायची."

दुसऱ्या दिवशी ते आले आणि कोणाला काही न विचारता सरळ आतल्या खुर्चीवर जाऊन बसले. मान मागे टाकली, डोळे मिटले. बाबांनी पेपर बाजूला ठेवला. माझ्याकडे पाहिलं, मास्तरांकडे पाहिलं. मग उठले. पाणी गरम केलं, टॉवेल पिळून मास्तरांच्या चेहऱ्यावर ठेवला. ब्रश घोळवला. पहिला फेस. दुसरा फेस. तीन आठवड्यांच्या दाढीला वेळ लागतो, आणि तो वेळ त्यांनी घेतला. मी दाराची पाटी उलटी करून ठेवली होती. माझ्या खुर्चीपाशी मी उभी होते.

बाबांनी वस्तरा उचलला. हात हलायला लागला. मास्तर ते मृत्युपत्राचं काही बोलले नाहीत. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा.

बाबांचा डावा अंगठा कानशिलावर टेकला, कातडी ताणली गेली. वस्तरा गालाजवळ आला. आणि बाबांनी मान वर करून आरशात पाहिलं. गालाकडे नाही, हाताकडे. जे करू नको म्हणून मला शिकवलं होतं, तेच ते करत होते. हात गालापासून बोटभर अंतरावर होता आणि ते त्याच्या थांबण्याची वाट बघत होते. टेकवल्याशिवाय तो थांबणार नव्हता, आणि थांबल्याशिवाय ते टेकवणार नव्हते.

"टेकव उस्ताद," मास्तर डोळे मिटूनच म्हणाले. "नुसता टेकव. मी हलत नाही."

मी मनातल्या मनात ओरडत होते, टेकवा बाबा, एकदा टेकवा. आरशातला हात हलत होता. बाबा त्याच्याकडे असे बघत होते जसं आपण परक्या माणसाकडे बघतो, जो आपल्या घरात घुसलाय. किती वेळ गेला कोण जाणे. मास्तरांच्या कानाजवळचा फेस वाळून त्याचे पापुद्रे झाले.

बाबांनी वस्तरा खाली घेतला. "ठमे, ये," म्हणाले. "मास्तरांना उशीर होतोय."

मास्तरांना कुठे जायचं होतं? त्यांना जन्मात कधी उशीर झाला नव्हता. मी परत फेस लावला, दाढी केली. माझा हात चांगला आहे, बाबांनीच शिकवलाय. गाल तुळतुळीत झाले. मास्तर उठले, हनुवटीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "छान." बाबा तोवर घरी गेले होते.

त्यानंतर बाबा दुकानात आले नाहीत. मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी हात तपासला, चालायला लावलं, कागदावर गोल काढायला सांगितले. गोळ्या लिहून दिल्या. म्हणाले, फरक पडेल, पण दोन वर्षांपूर्वी आणलं असतंत तर जास्त पडला असता. बाबांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. येताना रिक्षात ते बाहेर बघत होते.

एक दिवस मी पेज उघडलं. भाग दोनवर तीनशे बाराच्या जागी चारशे साठ दिसत होते. दुसऱ्या दिवशी चारशे नव्वद. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! दुकान सोडून धावत घरी गेले. आईला म्हटलं, "आई, लोक बघतायत गं. हात थांबतो ते बघतायत. बाबांना सांगूया."

आई भाजी चिरत होती. तिने वर पाहिलं नाही. "अगं, तेच बघतात," ती म्हणाली. "दुपारी माझा फोन मागून घेतात आणि खिडकीत बसतात. लोक कुठले आलेत."

गेल्या सोमवारी सकाळी मी दुकान उघडलं आणि थोड्या वेळाने बाबा आले. दोन गिऱ्हाइकं आधीच बसली होती. बाबा बाकावर त्यांच्या शेजारी बसले. मी म्हटलं, "बाबा, या ना इकडे," तर म्हणाले, "नंबराने होऊ दे." त्यांचीही दाढी वाढली होती. अंगणातल्या नळापाशी उभं राहणं त्यांनी कधीच बंद केलं होतं. दोघं आटपून गेले. मग बाबा उठून माझ्या, दाराजवळच्या खुर्चीवर बसले. घाईतल्या लोकांच्या.

"दाढी," म्हणाले.

मी टॉवेल गरम केला. फेस लावला, दोनदा. त्यांनी डोळे मिटले नाहीत. मी उजवा गाल करत असताना ते आरशात बघत होते, माझ्या हाताकडे नाही, माझ्याकडे.

"तुला कधीपासून माहीत होतं?"

"दोन वर्षं."

"आईला?"

"तिलाही."

"मास्तरांना?"

"हो, बाबा."

मी वस्तरा पुसला. त्यांचा उजवा हात चादरीखाली हलत होता, चादर हलताना दिसत होती.

"पोरं हसली त्याचं काही नाही गं," ते म्हणाले. "पोरं हसणारच. मी दोन वर्षं माणसांच्या गळ्याला पातं लावत होतो. माझा हात असा आहे हे मला माहीतच नव्हतं. कोणाला लागलं असतं तर? मी काय तोंड दाखवलं असतं? एकाने सांगितलं नाही. ना तू, ना तुझ्या आईने. मी त्याच दिवशी वस्तरा खाली ठेवला असता. आपल्या हाताने ठेवला असता. डॉक्टरकडे गेलो असतो." त्यांनी आवंढा गिळला, आणि गळ्यावर माझं पातं होतं म्हणून मी ते पटकन उचललं. "एकवीस लाख लोकांना दाखवलंस, ठमे. मला आधी दाखवायचंस ना."

माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि हातात उघडा वस्तरा होता, त्यामुळे ते पुसताही येत नव्हतं. बाबांचा डावा गाल अजून फेसाने भरलेला होता.

त्यांनी मान मागे टाकली आणि डोळे मिटले.

"चल," म्हणाले, "पुरी कर."

मी पुरी केली.